लॅन केबलमधून वीज देताना: पीओई बसवण्याचा क्रम, नागपूरच्या उन्हाचा हिशोब धरून

दिवसभर नीट चालणारा कॅमेरा अंधार पडला की बंद-चालू होत राहतो. वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट डिसेंबरात मुकाट चालतो आणि मे महिन्यात दुपारी दोनला मान टाकतो. आठ पोर्टचा (केबलच्या आठ भोकांचा) नेटवर्क स्विच आणला, सातवं उपकरण लावलं आणि आधीचंच एक बंद पडलं. अशा वेळी लोक कॅमेरा बदलतात, मग स्विच बदलतात, मग बसवून देणाऱ्याशी भांडतात. बहुतेकदा बिघाड उपकरणात नसतोच. काम उलट्या क्रमाने झालेलं असतं: आधी ऑफरमध्ये दिसला म्हणून स्विच, मग स्वस्तातली केबल, मग भिंतीला भोकं. उपकरणाला किती वॅट लागतात हे सगळ्यात शेवटी, तेही बंद पडल्यावर बघतात.

पीओई म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेट, डेटाच्या लॅन केबलमधूनच उपकरणाला वीज देणं. त्याचा बरोबर क्रम असा: उपकरण, वॅट, स्विच, केबल, मार्ग, टोकं, अर्थिंग आणि मग वीज. घर, दुकान, कोचिंग क्लास, सोसायटी, हिंगणा किंवा बुटीबोरीतलं छोटं युनिट, एवढ्या आवाक्यासाठी हे लिहिलंय. हिशोब मे महिन्याचा धरलाय, कारण नागपुरात हिवाळ्यात उभं राहिलेलं काम उन्हाळ्यात उघडं पडतं.

## आधी एवढं समजून घ्या

मानक पाळणारा पीओई स्विच केबल लावताक्षणी वीज सोडत नाही. आधी तो केबलवर साधारण २.८ ते १० व्होल्ट इतका हलका दाब देऊन समोर २५ किलो-ओहमचा ठरलेला रोध आहे का ते तपासतो. तो सापडला तरच उपकरण कोणत्या वर्गातलं आहे, म्हणजे त्याला साधारण किती वॅट लागतील, हे विचारतो आणि मग ४४ ते ५७ व्होल्टचा डीसी पुरवठा चालू करतो. उपकरण काढलं, करंट जवळपास शून्यावर आला, की अर्ध्या सेकंदाच्या आत पुरवठा बंद. म्हणूनच अशा पोर्टला लॅपटॉप चुकून लावला तरी काही होत नाही.

पॅसिव्ह पीओईत हा प्रकारच नाही. तिथे २४ किंवा ४८ व्होल्ट केबलवर कायम उभे असतात, समोर कोण आहे याची चौकशी न करता. कॅमेऱ्यांच्या सेटसोबत येणारे काही अगदी स्वस्त स्विचही याच जातीचे असतात, खोक्यावर मात्र ठळक अक्षरात नुसतं ‘पीओई’.

आयईईई या संस्थेच्या पीओई मानकांचे आकडे एकदा वहीत लिहून ठेवा. पहिला आकडा स्विचच्या पोर्टवरचा, दुसरा १०० मीटरनंतर उपकरणाला मिळण्याची हमी असलेला:

- ८०२.३एएफ (२००३): १५.४ वॅट, १२.९५ वॅट
- ८०२.३एटी (२००९): ३० वॅट, २५.५ वॅट
- ८०२.३बीटी (२०१८), टाइप ३: ६० वॅट, ५१ वॅट
- ८०२.३बीटी, टाइप ४: ९० वॅट, ७१.३ वॅट

मधली तूट केबल खाते, उष्णतेच्या रूपात. पुढचा बराचसा लेख या तुटीबद्दलच आहे.

तपासणी: हातातला स्विच किंवा इंजेक्टर (एकाच उपकरणाच्या केबलमध्ये वीज सोडणारी डबी) कोणत्या जातीचा आहे हे मल्टिमीटरने कळतं. एका टोकाला जॅक असलेला केबलचा तुकडा पोर्टला लावा, दुसऱ्या टोकाच्या तारा एकमेकींना चिकटणार नाहीत अशा सुट्या ठेवा. ४-५ आणि ७-८ या जोड्यांमध्ये मोजा (हे जॅकमधल्या पिनचे क्रमांक, त्यांचे रंग पायरी ५ मध्ये), मग १-२ आणि ३-६ मध्ये. मानक पोर्टवर स्थिर ४८ व्होल्ट दिसणार नाहीत, मीटरवर लहान आकडे नुसते उड्या मारतील. लगेच स्थिर २४ किंवा ४८ दिसले तर पोर्ट पॅसिव्ह. त्यावर लाल टेप लावा आणि त्याच्या ठरलेल्या उपकरणाखेरीज तिथे काहीही लावू नका.

## पायरी १: उपकरणांची यादी, जागेवर उभं राहून

दुकानात जाण्याआधी वहीत पाच रकाने आखा: उपकरण, जागा, कमाल वॅट, मानक, केबलची लांबी.

कमाल वॅट म्हणजे रात्रीचे वॅट. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात बऱ्याचदा दोन आकडे असतात, इन्फ्रारेड दिवे बंद असतानाचा आणि चालू असतानाचा. मोठा आकडा घ्या. फिरणाऱ्या पीटीझेड कॅमेऱ्यात मोटर आणि दिवे एकदम चालतील असं धरा. ‘दिवसा चालतो, रात्री बंद पडतो’ या तक्रारीचं मूळ अनेकदा याच रकान्यात सापडतं.

मानकाच्या रकान्यात तीनपैकी एक उत्तर येईल. उपकरणावर एएफ, एटी किंवा बीटी लिहिलेलं असेल तर प्रश्न मिटला. ‘२४ व्होल्ट पॅसिव्ह’ असेल तर ते उपकरण यादीतून वेगळं काढा, ते स्वतःच्या इंजेक्टरवरच चालेल. नुसती १२ व्होल्टची गोल पिन असेल तर ते पीओई उपकरणच नाही. त्याला स्प्लिटर लागेल, म्हणजे केबलमधली वीज वेगळी काढून १२ व्होल्ट देणारी डबी. तिच्यावरचे अँपिअर बघून घ्या.

लांबी मोजताना टेप हवेत धरू नका. केबल ज्या रस्त्याने जाणार तो रस्ता मोजा: जिन्यातून वर, बीमला वळसा, गच्चीच्या कडेने, पुन्हा खाली. वर दोन्ही टोकांना थोडी ढील. मर्यादा १०० मीटरची आहे आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्डही (टोकाला लावायच्या छोट्या तयार केबली) त्यातच मोजायच्या. भिंतीतली केबल ९० मीटरपर्यंत ठेवली की बरं पडतं.

इशारा: काही स्विचवर ‘२५० मीटर’ असं लिहिलेलं बटण असतं. ते दाबलं की पोर्टचा वेग १० एमबीपीएसवर येतो आणि केबलमधली तूट जशीच्या तशी राहते. लांबचा कॅमेरा त्यावर चालला तर नशीब समजा. त्याच्या भरवशावर काम आखू नका.

## पायरी २: विजेचं बजेट आणि स्विच

‘आठ पोर्ट, प्रत्येकी ३० वॅट’ याचा अर्थ २४० वॅट होत नाही. प्रत्येक पोर्ट ३० देऊ शकतो, पण सगळे मिळून किती देतील तो आकडा वेगळा असतो. त्यालाच बजेट म्हणतात, आणि खोक्यावर तो बहुधा बारीक अक्षरात सापडतो.

मनीष नगर किंवा बेसा भागातली एखादी मध्यम सोसायटी घेऊ. सहा कॅमेरे, प्रत्येकी ८ वॅट: ४८. दोन ॲक्सेस पॉइंट, प्रत्येकी १६: ३२. गेटवर एक पीटीझेड: २४. बेरीज १०४ वॅट. केबलमधल्या तुटीचे १० टक्के धरले की ११४ च्या आसपास. त्यावर पाव हिस्सा मोकळा ठेवला की १४३. म्हणजे १२० वॅटचा स्विच कागदावर पुरतो आणि मे महिन्यात रडवतो. इथे १५० वॅट किंवा त्याहून मोठं बजेट हवं. उपकरणं नऊ आहेत, तेव्हा पोर्टही आठ पुरणार नाहीत.

पण एवढ्यावर थांबू नका. काही स्विच प्रत्यक्षात किती वॅट जाताहेत ते मोजून हिशोब ठेवतात, काही मात्र उपकरणाचा वर्ग बघून तेवढी वीज आधीच राखून ठेवतात. दुसऱ्या प्रकारात ८ वॅटच्या कॅमेऱ्याने स्वतःचा वर्ग ३ सांगितला की त्याच्या नावावर १५.४ वॅट अडकले. याच सोसायटीचा हिशोब मग असा होतो: सहा कॅमेऱ्यांचे ९२.४, दोन ॲक्सेस पॉइंटचे ६०, पीटीझेडचे ३०. एकूण १८२.४. प्रत्यक्ष खर्च १०४ असूनही १५० चा स्विच शेवटच्या पोर्टला ‘जागा नाही’ म्हणेल. विकत घेण्याआधी माहितीपत्रकात हे शोधा. मॅनेज्ड स्विचमध्ये, म्हणजे ज्याची सेटिंग उघडता येतात त्यात, ही पद्धत बहुधा बदलता येते, साध्यात येत नाही.

बजेट संपलं की स्विच कुणाला तरी बंद करतो. बऱ्याच स्विचमध्ये लहान क्रमांकाच्या पोर्टला अग्रक्रम असतो. गेटचा कॅमेरा पोर्ट १ वर, जिन्यातला शेवटच्या पोर्टवर लावा. फुकटातली सुधारणा आहे ही.

यूपीएसही याच बैठकीत ठरवा. पोर्टमधून ११४ वॅट, स्विचचा स्वतःचा खर्च, त्याच्या पॉवर सप्लायची तूट, सगळं धरून भिंतीतून १५० वॅटच्या आसपास ओढले जातील. एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारी पेटी) आणि राउटर वेगळे. यूपीएसवरचा व्हीए आकडा म्हणजे वॅट नव्हे. वॅटचा आकडा वेगळा छापलेला असतो, तो बघा.

तपासणी: स्विचच्या माहितीपत्रकात कार्यतापमान बघा. ‘० ते ४० अंश’ लिहिलं असेल तर तो एसी किंवा निदान थंड खोलीसाठी बनलेला आहे. नागपुरात मे महिन्यात सावलीतला पारा ४५ च्या पुढे जातो आणि बंद पेटीत त्याहून वर. स्विच जिन्याच्या टिनाखाली किंवा कारखान्याच्या शेडमध्ये राहणार असेल तर औद्योगिक दर्जाचा, ७० अंशांच्या पुढे चालणारा घ्या. महाग असतो हे खरं. पर्याय म्हणजे स्विच तळमजल्याच्या आतल्या खोलीत ठेवून केबल लांबवणं. बहुतेक घरांसाठी मी हाच पर्याय निवडेन.

## पायरी ३: केबल, सगळ्यात जास्त फसवणुकीची जागा

कॅट ५ई असो वा कॅट ६, तार शुद्ध तांब्याची हवी. बाजारात सीसीए नावाची केबल सर्रास मिळते: आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. तिचा रोध त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त असतो. त्यात तारही बारीक काढलेली असते. डेटा तिच्यातून जातो, म्हणून दुकानात ‘चालते की’ म्हणून दाखवतात. प्रश्न विजेचा आहे.

तोच २४ वॅटचा पीटीझेड, हिशोबाला २५ धरू. ९० मीटर केबल, वीज दोन जोड्यांवरून, स्विचमधून ५३ व्होल्ट.

तांब्याची ०.५१ मिमीची तार असेल तर जाऊन-येऊन रोध साधारण ८ ओहम. करंट अर्धा अँपिअर. कॅमेऱ्यापाशी जवळपास ४९ व्होल्ट पोचतात आणि केबलमध्ये २ वॅट जळतात. छान.

आता ०.४ मिमीची सीसीए घ्या. रोध २० ओहमवर जातो. व्होल्टेज कमी पोचलं की तेवढेच वॅट मिळवायला कॅमेरा जास्त करंट ओढतो, करंट वाढला की तूट आणखी वाढते. हे चक्र ०.६१ अँपिअरपाशी थांबतं. कॅमेऱ्याला मिळतात जेमतेम ४१ व्होल्ट, केबलमध्ये जळतात साडेसात वॅट. एटी मानकाच्या उपकरणाला किमान ४२.५ व्होल्ट पोचायला हवेत. म्हणजे दिवसा दिवे बंद असताना तो चालेल आणि रात्री दिवे लागले की बंद पडेल. पुन्हा चालू होईल, पुन्हा पडेल. स्विच ५३ ऐवजी ४८ व्होल्टच देत असेल तर कॅमेऱ्यापाशी ३२ च्या आसपासच उरतात.

उन्हाने यात भर पडते. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. २० अंशांची केबल ६० अंशांवर गेली की १६ टक्के रोध वाढला. गच्चीवर उघड्यावर पडलेली काळी केबल दुपारी किती तापते हे हात लावून बघा.

शुद्ध तांबं ओळखायच्या तीन युक्त्या:

1. तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसलं तर ॲल्युमिनियम.
2. तार एकाच जागी मागे-पुढे वाकवा. सीसीए चार-सहा वाकांत तुटते, तांबं बराच वेळ तग धरतं.
3. मोजलेला ५० मीटरचा तुकडा घ्या. एका टोकाला निळ्या जोडीच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडा, दुसऱ्या टोकाला मल्टिमीटरने ओहम मोजा, मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध वजा करा. ८.५ ते ९.५ ओहम आले तर केबल ठीक. १३-१४ आले तर परत करा. २० आले तर दुकानही बदला.

तिसरी चाचणी पेटी उघडल्याबरोबर करा. केबल भिंतीत गेल्यावर तिचा उपयोग फक्त वाद घालायला होतो.

उन्हात जाणाऱ्या भागासाठी अतिनील किरणं सोसणारं, बाहेर वापरायचं जॅकेट असलेली केबल घ्या. घरातली राखाडी केबल उन्हात ठेवली की जॅकेट कडक होऊन तडकतं आणि पहिल्या पावसात पाणी आत शिरतं.

## पायरी ४: केबलचा मार्ग

इशारा, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: २३० व्होल्टच्या वायरीसोबत लॅन केबल एकाच पाइपात घालू नका. ‘पाइप रिकामाच आहे’ हे कारण चालत नाही. मेनच्या वायरीचं इन्सुलेशन उष्णतेने किंवा उंदराने खराब झालं की तो दाब लॅन केबलवर येईल, आणि त्या केबलचं दुसरं टोक तुमच्या हातातल्या लॅपटॉपमध्ये असेल. वेगळा पाइप टाका आणि अंतर ठेवा. ओलांडायचं असेल तर काटकोनात ओलांडा.

बाकी नियम पटापट. गच्चीवरून नेताना केबल पाइपात न्या आणि पॅरापेटच्या सावलीच्या बाजूने न्या. टिनाच्या खाली चिकटवून नेऊ नका, टिन आणि केबलमध्ये हात जाईल एवढी जागा सोडा. वळण केबलच्या जाडीच्या चौपटीपेक्षा लहान नको. प्लॅस्टिकचा टाय करकचून आवळू नका. जुडगा बांधताना एकात २४ पेक्षा जास्त केबल नकोत. मधल्या केबलींची उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि साध्या केबलची सहनशक्ती बहुधा ६० अंशांपर्यंतच असते. या मर्यादा ठरवताना भोवतालचं तापमान ४५ अंश आणि केबलची स्वतःची वाढ १५ अंश धरलेली आहे. आपल्याकडे ती ४५ ची पायरी मे महिन्यात आधीच गाठलेली असते, तेव्हा गच्चीवर आणि टिनाखाली मी एका जुडग्यात बारा केबलींच्या वर जात नाही.

कूलर हा आपल्याकडचा खास शत्रू. खिडकीतल्या कूलरच्या खालून केबल नेली की उन्हाळाभर तिच्यावर क्षारांचं पाणी ठिबकतं, जॅक हिरवा पडतो. स्विच कूलरच्या झोतात ‘थंड राहील’ म्हणून ठेवणारेही आहेत. तो झोत ओलसर आणि धुळीचा असतो. तिथे ठेवू नका.

जमिनीखालून न्यायचं असेल तर काळी माती लक्षात घ्या. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि कडक पीव्हीसी पाइपाचे सांधे ओढून उघडे करते. लवचिक एचडीपीई पाइप आणि जेल भरलेली केबल वापरा, आत थोडी ढील सोडा.

भिंतीतून आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळाच्या तळातून गळून जाईल. कॅमेऱ्याचा जोड उघडा लोंबकळत न ठेवता जंक्शन बॉक्समध्ये बसवा.

## पायरी ५: टोकं आणि जोड

दोन्ही टोकांना टी-५६८बी हाच क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. नारिंगीपासून सुरुवात आहे, नागपूरकराच्या लक्षात राहायला हरकत नाही.

‘दोन्हीकडे सारखंच लावलं ना, मग रंग कुठलेही चालतील’ असं म्हणणारे भेटतात. साधा दिव्यांचा टेस्टर त्यांना पासही करतो, कारण तो फक्त तार पोचली का हे बघतो. पण जोडीतली एक तार दुसऱ्या जोडीत गेली की पीळ मोडतो, डेटा गळायला लागतो आणि वेग १००० वरून १०० वर घसरतो.

आठही तारा जोडा. एका केबलच्या चार तारांवर एक कॅमेरा आणि उरलेल्या चारवर दुसरा, ही जुनी काटकसर पीओईत चालत नाही. काही स्विच १-२ आणि ३-६ वरून वीज देतात, काही ४-५ आणि ७-८ वरून, आणि बीटी चारही जोड्यांवरून.

जॅकपाशी पीळ १३ मिमीपेक्षा जास्त उलगडू नका. जॅकेट जॅकच्या आत शिरून चापाखाली दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर सगळा ताण तारांवर येतो. क्रिम्प (पक्कडीने जॅकच्या पिना तारांवर दाबणं) अर्धवट झालं की त्या पिनचा रोध वाढतो. डेटा कसाबसा चालतो, वीज तिथे उष्णता तयार करते. काही महिन्यांनी जॅक पिवळा पडलेला दिसला तर कारण हेच. जोडीतल्या दोन तारांचा रोध असमान झाला तरी घोटाळा होतो: करंट दोन्हींत सारखा विभागला जात नाही, पोर्टमधला छोटा ट्रान्सफॉर्मर भारावतो आणि कॅमेरा चालू असूनही चित्र अडकतं.

मध्ये केबल कमी पडली तर पीळ मारून, टेप गुंडाळून जोड देऊ नका. कपलर (दोन जॅक जोडणारी डबी) किंवा भिंतीवरचा जॅक वापरा, तोही एकच. जमलं तर अखंड केबल पुन्हा ओढा.

तपासणी: वीज देण्याआधी प्रत्येक केबल टेस्टरवर आठही तारांसाठी तपासा आणि दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहा. कागदी लेबल उन्हाळा काढत नाही.

## पायरी ६: अर्थिंग आणि वीज पडण्यापासून बचाव

विदर्भात एप्रिल ते जून वादळी पावसाचे आणि विजांचे दिवस. वीज थेट कॅमेऱ्यावर पडायची गरज नाही, जवळपास पडली तरी लांब केबलमध्ये दाबाचा झटका तयार होतो आणि एकाच वेळी चार पोर्ट जातात.

स्विचची तीन पिन खरोखर अर्थ झालेली आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच्या आत दिसायला हवेत. जुन्या घरांत तिसऱ्या भोकात वायरच नसते. अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते शोधा. काळी माती उन्हाळ्यात वाळून खड्ड्यापासून सुटते आणि अर्थिंग नावापुरती उरते, म्हणून मार्च ते जून त्यात पाणी घालत राहा. अर्थिंगसाठीचं भारतीय मानक आयएस ३०४३ आहे. नवीन खड्डा करून घेत असाल तर त्यानुसार काम झालं का ते विचारा.

बाहेर जाणाऱ्या प्रत्येक केबलला इमारतीत शिरताना सर्ज प्रोटेक्टर (दाबाचा झटका अर्थमध्ये सोडणारी डबी) लावा, महाग कॅमेरा असेल तर त्याच्या टोकालाही. प्रोटेक्टर पीओई चालणारा आणि गिगाबिटचा हवा, साधा घेतला तर तो पीओईचा पुरवठाच अडवतो. त्याची अर्थ वायर जाड, आखूड, सरळ ठेवा आणि इमारतीच्या मुख्य अर्थिंगलाच जोडा. अर्थ वायर न जोडलेला प्रोटेक्टर ही निव्वळ शोभेची डबी, आणि अशा डब्या ठिकठिकाणी दिसतात.

इशारा: दोन वेगळ्या इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकू नका. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये दाबाचा फरक असतो आणि वीज पडते त्या वेळी तो हजारो व्होल्टवर जातो. मध्ये फायबर टाका, पलीकडे मीडिया कन्व्हर्टर (फायबरचं पुन्हा लॅन केबलमध्ये रूपांतर करणारी डबी) आणि छोटा पीओई स्विच ठेवा. क्लब हाउस, वॉचमनची खोली, पलीकडची विंग, सगळीकडे हाच नियम.

## पायरी ७: वीज देण्याचा क्रम

आता कुठे स्विचचं बटण.

1. एकही केबल न लावता स्विच चालू करा. मॅनेज्ड असेल तर आत जाऊन बजेट आणि पोर्टचा अग्रक्रम बघून घ्या.
2. सगळ्यात जवळचं, कमी वॅटचं उपकरण लावा. पोर्टचा पीओई दिवा लागला आणि उपकरण पूर्ण सुरू झालं की पुढचं.
3. एकेक करत सगळ्यात लांबचं आणि जास्त वॅटचं शेवटी. स्विच वॅट दाखवत असेल तर प्रत्येकाचा आकडा वहीत, यादीतल्या आकड्याशेजारी लिहा. कॅमेऱ्याला ८ हवेत आणि पोर्ट ११ दाखवत असेल तर ती केबल संशयित.
4. स्विचऐवजी इंजेक्टर वापरत असाल तर दोन भोकं नीट वाचा. डेटाचं भोक राउटरकडे, पीओईचं उपकरणाकडे. उलट लावलं आणि इंजेक्टर पॅसिव्ह असेल तर राउटरचं पोर्ट जाऊ शकतं.

जास्त वॅटचं उपकरण चालू असताना जॅक ओढून काढू नका. सुटताना ठिणगी पडते आणि पिनचा सोन्याचा मुलामा जळतो. आधी पोर्ट बंद करा किंवा स्विचचा पुरवठा काढा.

शिडीवर ओल्या हाताने जोड लावू नका. ५७ व्होल्ट कोरड्या हाताला सहसा जाणवत नाहीत, पण दचकून शिडीवरून पडायला हलकी झिणझिणीही पुरते.

## पायरी ८: तीन चाचण्या, मगच पैसे चुकते करा

रात्रीची चाचणी: अंधारात सगळे इन्फ्रारेड दिवे लागलेले असताना, पीटीझेड फिरवत, तासभर. दिवसा हवी असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जबरदस्तीने रात्रीचा मोड लावा.

वीज गेल्याची चाचणी: मेन बंद करून यूपीएस किती वेळ धरतो ते बघा. मग यूपीएसही बंद करा आणि सगळं एकदम चालू करा. सगळी उपकरणं एकाच वेळी जागी होताना सर्वांत जास्त ओढ असते. तेव्हा एखादं मागे राहिलं तर बजेट कमी पडतंय.

दुपारची चाचणी: काम हिवाळ्यात झालं असेल तर ही राहून जाते. बसवणाऱ्याशी बोलतानाच ठरवून टाका की मे महिन्यात एकदा दुपारी येऊन पेटीतलं तापमान आणि पोर्टचे वॅट बघायचे.

## बिघाड आला तर कुठून सुरुवात करायची

फक्त रात्री बंद पडतो: कॅमेऱ्याचे रात्रीचे वॅट, मग केबलचा रोध. कॅमेरा काढून स्विचजवळ दोन मीटरच्या चांगल्या केबलवर लावा आणि रात्रीच्या मोडवर ठेवा. तिथे चालला तर दोष मधल्या केबलचा किंवा जोडाचा, कॅमेऱ्याला नावं ठेवू नका.

फक्त दुपारी बंद पडतो: स्विचची पेटी उघडून बघा. जाळी धुळीने बुजलेली असते, नाहीतर कुणीतरी वर रद्दी ठेवलेली असते.

नवीन उपकरण लावलं की जुनं बंद: बजेट. पोर्टचे आकडे पुन्हा मांडा.

पीओई दिवा लागतच नाही: उपकरण पॅसिव्ह असेल, किंवा ओळख पटवणाऱ्या जोडीतली एखादी तार तुटलेली. तीच केबल दुसऱ्या पोर्टला, मग तेच पोर्ट दुसऱ्या केबलला. एका वेळी एकच गोष्ट बदला.

दिवा लागतो पण चित्र अडकतं: क्रिम्प कापून पुन्हा करा, दोन्ही टोकांचं. त्यानेही सुटलं नाही तर बाहेरच्या जोडाचा जंक्शन बॉक्स उघडा. पहिल्या पावसानंतर तिथे पाणी किंवा मुंग्या, दोन्हींपैकी काहीतरी सापडतं.

पावसाच्या एका रात्री बरीच पोर्ट एकदम गेली: नवीन स्विच आणण्याआधी प्रोटेक्टरची अर्थ वायर आणि खड्डा तपासून घ्या. तेवढं न करता लावलेला नवा स्विच पुढच्या वादळात जुन्याच्या वाटेने जाईल.